माईंचा खोकला आणि बादशहाचा जुलाब

बावडेकर सरांनी आयुष्यात एकही शब्द आहे तसा सोडला नाही. शब्द दिसला की त्याला पकडायचं, त्याची उलटतपासणी घ्यायची आणि त्याची अशी काही जन्मकथा सांगायची, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आम्ही कोपरखैरण्याच्या या इमारतीत राहायला आलो त्याच दिवशी मला त्याचा प्रसाद मिळाला. सामानाचा टेम्पो खाली उभा होता, माझा नवरा मिलिंद कपाटावरून हमालांशी हुज्जत घालत होता आणि मी देव्हारा पोटाशी धरून जिन्यात उभी होते. समोरच्या दारातून पांढरी हाफ पँट घातलेले एक उंच, ताठ गृहस्थ बाहेर आले आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "सोसायटी हा शब्द इंग्रजी नाही बरं का. जिथं एकमेकांना सोसायचं, ती सोसायटी. इंग्रजांनी आपल्याकडनं नेला." एवढ्यात घराच्या आतून एक बारीकसा खोकला आला. सरांचा चेहरा पडला. "चहा पाठवतो," म्हणाले आणि आत गेले.

तो खोकला माईंचा. सरांबद्दल काहीही सांगायचं तर त्या खोकल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

सर मूळचे कोल्हापूरकडचे. ते मराठीचे किंवा संस्कृतचे शिक्षक असते तर एक वेळ समजलं असतं. ते होते पीटीचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी आणि मुखी 'सावधान-विश्राम'. पण पावसाळ्यात शाळेच्या मैदानाचं तळं व्हायचं, आणि मग मुख्याध्यापक त्यांना गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर पिटाळायचे. वर्गात खचाखच पोरं, बाहेर चिखल आणि सरांना शिकवायला येत होतं फक्त सूर्यनमस्कार. पहिल्या दिवशी पोरांनी बाकं वाजवून त्यांना हैराण केलं. शेवटी त्यांनी फळ्यावर 'इडली' असं लिहिलं आणि म्हणाले, पूर्वी घरावरची इडापीडा टळली की गावाला एक पांढरा पदार्थ वाटायचे. इडा टळली, म्हणून इडली. वर्ग चिडीचूप झाला. सरांना आपली वाट सापडली, आणि नंतर मैदान कोरडं झालं तरी ती त्यांनी सोडली नाही.

त्यांचे जुने विद्यार्थी आता पोटं सुटलेले गृहस्थ झालेत, पण सरांवरची श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही. त्यातल्या एकाने तुर्भ्याला उडुपी पद्धतीचं हॉटेल काढलं. उद्घाटनाला सर आणि माई पहिल्या रांगेत, आणि सरांच्या आग्रहाने मीही. त्या विद्यार्थ्याने भाषणात इडापीडेची हकिकत अगदी भक्तिभावाने सांगितली. स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला मंगळूरकडचा आचारी ती ऐकून चक्रावला आणि हातातल्या इडलीपात्राकडे बघत राहिला. सर मात्र राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाल्यासारखे बसले होते. माई खोकल्या, पण टाळ्यांच्या कडकडाटात तो खोकला बुडाला. त्या दिवशी सर घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

एक सांगते, बाकी कुठल्याही बाबतीत हा माणूस खोटं बोलायचा नाही. लिफ्टचं बटण आपल्या हातून तुटलं तर स्वतः जाऊन सांगायचे. भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर उन्हातान्हात परत करायला जायचे. खोटेपणा होता तो फक्त शब्दांपुरता, आणि त्याला ते खोटेपणा म्हणतच नसत. त्यांच्या मते प्रत्येक शब्दाला एक चांगली गोष्ट मिळायचा हक्क आहे, आणि खरी गोष्ट कंटाळवाणी असेल तर त्यात शब्दाचा काय दोष.

माई त्यांच्या बरोबर उलट. त्याच शाळेत गणित शिकवायच्या. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. सरांनी थाप मारली की त्या वाद घालत नसत, 'काहीतरीच काय' असंही म्हणत नसत. फक्त खोकायच्या. एकदाच, हळू, ओठांपाशी मूठ नेऊन. हा खोकला आजाराचा नाही हे इमारतीतल्या लहान पोरांनाही कळायचं. सर जिन्यात काही सांगू लागले की लोक आधी माईंकडे बघायचे, मग किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचे.

हा प्रकार म्हणे लग्नाआधीच सुरू झाला. सर मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी समोर आली. शांतता फार झाली म्हणून सर म्हणाले, पूर्वी लोक नदीवर पोहायला जाताना जे फडक्यात बांधून न्यायचे, त्याला पोहे म्हणू लागले. मुलीकडची मंडळी 'असं का, असं का' करू लागली आणि दारात उभी राहिलेली मुलगी खोकली. सरांनी त्याच क्षणी होकार कळवला. का, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "शुभदा, सगळ्या घरात तिला एकटीला कळलं होतं." तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, माईंचा नेम एकदा तरी चुकवायचा. माईसमोर अशी एक थाप मारायची, की तिचा हात ओठांपाशी जाताच कामा नये. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कोल्हापुरात नांदू लागली, दोघं निवृत्त झाली, तरी ते काही जमलं नव्हतं.

मग त्या पावसाळ्यात आमच्या इमारतीचं पोट बिघडलं.

इमारतीचं म्हणते, कारण माणसांचं बिघडलंय असं कबूल करायला कुणी तयारच नव्हतं. पहिल्या मजल्यावर 'पोट जरा नरम' होतं. तिसऱ्या मजल्यावर 'बाहेरचं खाणं झालं' होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक 'वीकनेस'मुळे वर्क फ्रॉम होम करत होते. एका काकांनी फक्त 'सकाळपासून बिझी' असं टाकलं होतं. आमच्या घरात मिलिंदला 'ॲसिडिटी' होती, आणि ती ॲसिडिटी त्याला दर थोड्या वेळाने वर्तमानपत्रासकट बाथरूमकडे पळवत होती. जो शब्द खरा होता, तो कुणाच्या तोंडून निघत नव्हता. खालच्या वस्तीत एखाद्याला विचारलं तर तो सरळ सांगेल, हगवण लागलीय म्हणून. पण टाइल्सच्या घरात राहायला लागलं की माणसाला ताप येतो, बीपी होतो, शुगर होते. हे एवढं होत नाही.

खरी परिस्थिती माहीत होती ती एकट्या रशीदभाईंना. इमारतीच्या फाटकालगत रशीदभाई मुकादमांचं मेडिकल आहे. श्रीवर्धनकडचे, माणूस मोठा मिठ्ठास. त्यांच्याकडे त्या आठवड्यात आमचे लोक एकेक करून जात होते, इकडेतिकडे बघून हळूच ओआरएसची पाकिटं मागत होते आणि कागदात गुंडाळून नेत होते. विचारलं नसतानाही प्रत्येक जण सांगत होता की पाहुण्यांसाठी हवीत. मी गेले तेव्हा रशीदभाई पाकिटं गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वहिनी, तुमच्या बिल्डिंगमदी एवढे पावने आलेत, कुनाचं लग्न बिग्न हाय काय?" मी म्हटलं, आमच्याकडेही आलेत. त्यांनी आणखी दोन पाकिटं गुंडाळली. गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकापाशी, हा त्यांचा धंद्याचा नियम.

लपवणाऱ्यांत माईही होत्या, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. त्यांनी सरांपासूनच लपवलं. दोन खोल्यांच्या घरात आयुष्यभर ज्या माणसाच्या थापा पकडल्या, त्याला त्यांनी स्वतः पत्ता लागू दिला नाही. एका दुपारी बाथरूममध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि सरांनी हाक मारली. मी धावत गेले तर सर माईंना दोन्ही हातांवर घेऊन उभे होते.

जवळच्याच एका छोट्या हॉस्पिटलात माईंना ठेवलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार गेलंय, वय झालंय, काळजी घ्यायला हवी. माई डोळे मिटून पडलेल्या. अंबाडा सुटलेला, गालफडं आत गेलेली.  सरांसाठी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन मी रोज जायची, आणि रोज तेच दृश्य दिसायचं. सर स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसलेले, आणि खालच्या आवाजात माईंना थापा मारत असलेले.

"सलाईन हा मूळ शब्द शालिनी," ते सांगत होते. "पहिली बाटली लावली ती शालिनी नावाच्या नर्सनं. कराडची होती. गोऱ्या डॉक्टरला नीट हाक मारता येईना, तो म्हणायचा सॅलिन, सॅलिन." एवढं बोलून ते थांबले आणि माईंच्या उजव्या हाताकडे बघू लागले. हात हलला नाही. मग त्यांनी सांगितलं की वार्धक्यात जिथे ठेवतात तो वॉर्ड. हात हलला नाही. मग उशी झाली, चादर झाली, शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं आडनाव झालं. थापा इतक्या वाईट होत चालल्या होत्या की शेजारच्या खाटेवरच्या बाईंना खोकला आला. पण तो उपयोगाचा नव्हता.

जिन्यापर्यंत मला सोडायला आले तेव्हा सर म्हणाले, "ती खोकेना गं." इतका उंच माणूस, आणि आवाज एवढासा. मी काहीतरी धीराचं बोलले, पण मलाही रडू येत होतं.

डॉक्टरांना पाण्याचा संशय होता. इमारतीत आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. असेल तर टाकी आधी उघडून बघा, नाहीतर बाई बऱ्या होऊन घरी जातील आणि तेच पाणी पुन्हा पितील. सर तिथूनच तडक चेअरमनकडे गेले.

आमचे चेअरमन जनाशेठ पाटील. तळवलीचे, मूळ गावकरी, आमच्या इमारतीत त्यांचे तीन फ्लॅट. टाकीवर त्यांचा फार जीव, कारण ती त्यांनी उन्हाळ्यात स्वतः उभं राहून धुऊन घेतली होती आणि तिचे फोटो ग्रुपवर टाकले होते. ते म्हणाले, "सर, टाकीचं पानी मी सोता पितो. मना काय झायलं? कायच नाय. कुनाला होतंय त्यानं मीटिंगमदी हात वर करावा, आता टाकी खोलतो." एवढ्यावर त्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग लावली.

त्या मीटिंगला झाडून सगळे आले. प्रत्येकाने फाटकाऐवजी जिन्याजवळची खुर्ची धरली, यावरून काय ते समजावं. जनाशेठ उभे राहिले आणि म्हणाले, "बोला, कोनाला लूज मोशन हाय?" समोर पन्नासेक माणसं, आणि सगळे जण आपापल्या मोबाईलमध्ये बघू लागले.  मिलिंदने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. जनाशेठनी सरांकडे बघून हात पसरले, म्हणजे बघा, आहे का कुणी.

मला वाटलं, आता सर चिडणार. त्यांच्या बायकोच्या जिवावर बेतलं होतं आणि ही माणसं लाजत होती. पण सर पुढे आले, हाफ पँट नीट केली आणि विचारलं, "जुलाब हा शब्द कुठनं आला, माहीत आहे?" सगळ्यांनी सवयीने माई कुठे आहेत ते बघितलं. माई नव्हत्या. अडवणारं कुणी नव्हतं, आणि सर सुटले.

ते म्हणाले, जुलाब म्हणजे मूळ गुलाब. इराणात एक बादशहा होता, त्याला पोट साफ व्हायचं नाही. तख्तावर बसला की तोंड वाकडं, आणि वाकड्या तोंडाने तो वाटेल त्याला फाशी द्यायचा. दरबारी हवालदिल झाले. मग एका हकिमाने गुलाबाच्या पाकळ्यांचं सरबत केलं आणि त्यात औषध मिसळून दिलं. बादशहा मोकळा झाला. इतका मोकळा झाला की त्या दिवशी त्याने सगळे कैदी सोडून दिले. त्या गुलाबाच्या पाण्याचं नाव पुढे सगळ्या प्रकरणालाच पडलं, आणि लोक अभिमानाने सांगू लागले, मला आज जुलाब झाले, म्हणजे मला आज बादशहासारखं झालं. "हा राजेशाही शब्द आहे," सर म्हणाले. "हगवण सामान्य माणसाला होते. लूज मोशन कारकुनाला होतात. जुलाब व्हायला खानदान लागतं. तर या इमारतीत खानदानी कोण कोण आहे, त्यांनी हात वर करा."

लोक हसायला लागले. आणि त्या पोटाच्या अवस्थेत हसणं किती धोक्याचं असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. दोघं जण हसता हसता उठले आणि जिन्याकडे धावले. ते बघून बाकीचे आणखी हसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. तो लीलावहिनींचा होता, म्हणजे खुद्द जनाशेठच्या बायकोचा.

"मी हाय खानदानी," त्या म्हणाल्या. "आनि हे पन. रातभर आमच्या घरान राजवाडाच चाललाय. हे टाकीचं पानी पितच नायत, तरी झायलं. बाटलीचं पानी पितात, पन गुळण्या टाकीच्याच करतात ना."

जनाशेठ मटकन खुर्चीत बसले. मग हातावर हात वर होत गेले. 'बिझी' काका उभे राहिले. तिसरा मजला पूर्ण. मिलिंदने एक हात खुर्चीवरून सोडवला आणि वर केला. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखे लोक एकमेकांना लक्षणं सांगू लागले, आणि बघता बघता तिथे वाढदिवसाला असावी तशी मोकळी बडबड सुरू झाली.

सगळे गच्चीवर गेले. टाकी उघडायची वेळच आली नाही, कारण ती उघडीच होती. झाकण नव्हतं. कठड्यावर कबुतरं बसली होती आणि आत काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. झाकण गेलं कुठे, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. पावसाच्या तोंडावर जनाशेठच्या पुतणीची हळद तळवलीला झाली होती. हळद म्हणजे अख्खा गाव जेवणार, मटणाचे टोप चढणार. त्यातला एक टोप इतका मोठा निघाला की त्याला बसेल असं झाकणच मिळेना. जनाशेठचे भाऊबंद अडणारे नव्हेत. आपल्या शेठच्या बिल्डिंगच्या टाकीचं लोखंडी झाकण मापाचं आहे, हे एकाला आठवलं. त्यांनी ते नेलं, घासलं, टोपावर ठेवलं, मटण अप्रतिम झालं, आणि नंतर झाकण परत आणायचं कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही. त्या मटणाने कुणाचंही पोट बिघडलं नव्हतं, हे लीलावहिनींनी आवर्जून सांगितलं. झाकण मीटिंगच्याच दिवशी परत आलं. अजून त्याला किंचित मसाल्याचा वास येतो.

टाकी रिकामी झाली, धुतली गेली, पाण्याचा टँकर आला. लोक सरांशी हात मिळवत होते. मी रशीदभाईंच्या दुकानात, आता कागदात न गुंडाळता, पाकिटं घेत होते तेव्हा सर तिथे आले. चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्याआड थोडा कलाकाराचा आनंदही होता. रशीदभाईंना ते म्हणाले, बादशहाची गोष्ट उभ्या उभ्या सुचली, आयुष्यातली सगळ्यात चांगली.

रशीदभाईंनी गल्ल्याचा खण बंद केला. म्हणाले, "सर, बादशहाचं मना ठाऊक नाय. पन शब्दाचं तुमी बोललात ते खरं हाय."

"काय खरं आहे?"

"गुलाबाचं." मग रशीदभाईंनी समजावून सांगितलं. त्यांचे आजोबा हकीम होते, फारसी वाचायचे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरब लोक 'ग'च्या जागी 'ज' म्हणत, त्यांचा झाला जुलाब. पोट साफ करायची औषधं कडू असायची, सोनामुखी वगैरे, म्हणून हकीम ती गुलाबाच्या गोड पाकात द्यायचे. पुढे पाकाचं नाव औषधाला पडलं आणि औषधाचं नाव त्याच्या परिणामाला. आजोबा हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

सर काउंटरला धरून उभे राहिले. मी माणसाला परीक्षेत नापास झाल्यावर बघितलंय, प्रमोशन हुकल्यावर बघितलंय, पण इतकं खचलेलं बघितलं नव्हतं. "म्हणजे माझं त्यात काहीच नाही?" त्यांनी विचारलं. रशीदभाईंना बिचाऱ्यांना वाटलं होतं की सरांना आनंद होईल. ते समजूत घालायला म्हणाले, "कैदी सोडले ते तुमचं हाय ना."

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी डबा घेऊन गेले. माईंचा चेहरा जरासा वर आल्यासारखा वाटला, पण डोळे मिटलेलेच होते. सर स्टुलावर बसले होते, आणि पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकली होती. थापा संपल्या होत्या. त्यांनी माईंच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "माई, आज बनवून सांगायला काही सुचेना. म्हणून एक खरं सांगतो. शप्पथ, अगदी खरं." आणि त्यांनी जुलाबाची जन्मकथा सांगितली, बादशहा आणि कैदी वगळून, रशीदभाईंनी सांगितली तशी, कोरडी. गुल, आब, ग चा ज, कडू औषध, गोड पाक. त्यांच्या आवाजात काही जीव नव्हता. एखाद्या मुलाने पाठांतर म्हणावं तसं म्हटलं.

माईंनी डोळे उघडले. सरांकडे बघितलं. सलाईन नसलेला हात हळूहळू उचलला, ओठांपाशी नेला, आणि त्या खोकल्या.

सर ताडकन उभे राहिले, स्टूल आडवं झालं. "सिस्टर, खोकली!" ते इतक्या जोराने ओरडले की जणू समोर शाळेचं मैदानच होतं. सिस्टर धावत आली, तिच्यामागून डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली, कफ आहे का विचारलं आणि एक्स-रे काढू या म्हणाले. त्यांना कोण आणि काय सांगणार. मी सांगायचा प्रयत्न केला तर ते माझ्याकडेच संशयाने बघू लागले. त्या गडबडीत सर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि रुमालाने डोळे पुसत होते, आणि माई उशीवरून त्यांच्याकडे बघत होत्या.

माई घरी आल्या त्या दिवशी रशीदभाई मोसंबी घेऊन भेटायला आले. बोलता बोलता गुलाबाचा विषय निघाला, आणि ते माईंना 'ताई, ते सर बोलले ते खरंच' असं सांगायला लागले, तेवढ्यात सरांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर जिन्यात आणलं. मी तिथेच कुंड्यांना पाणी घालत होते.

"सांगू नका," सर म्हणाले. "ती आजवर एकदाही चुकलेली नाही. आता या वयात कशाला चुकवायचं?"

मला तेव्हा कळलं की हा माणूस जिंकला होता. खऱ्या गोष्टीवर माई खोकल्या होत्या, म्हणजे त्यांचा नेम एकदा तरी चुकला होता, आणि ज्या क्षणाची पोह्यांच्या बशीपासून वाट बघितली, तो हातात आल्यावर सरांनी तो कुणाला न सांगता खिशात घातला. त्या दिवसापासून बादशहाची गोष्टही त्यांनी कधी सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, ती माझी नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीने हट्टच धरला आणि दोघांनी कोल्हापूरला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सर खाली गाडीत बॅगा लावत होते. ड्रायव्हरला 'डिकी' या शब्दाबद्दल काहीतरी सांगत असल्याचं वरपर्यंत ऐकू येत होतं. मी माईंना आवरायला मदत करत होते. रिकाम्या खोलीत शेवटचा झाडू मारून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "शुभदा, तो गुलाबाचा शब्द खरा आहे. मला माहीत होतं."

 त्या म्हणाल्या, यांनी काहीही सांगितलं की मी नंतर शाळेच्या वाचनालयात जाऊन कोश बघायची, उगीच माणसावर अन्याय नको. असं करता करता किती शब्द कळले. जुलाब कधीच कळला होता.

"मग खोकलात कशा?"

"अंगात खोकण्यापुरतं बळ आलं ते त्याच दिवशी," माई म्हणाल्या. "आणि हे वाट बघत होते. शब्द नेमका खरा निघाला, त्याला मी काय करू? आयुष्यात एकदाच खोटं खोकले." झाडू दाराआड ठेवला आणि म्हणाल्या, "यांना नको सांगूस. एकदा खोटी ठरले तर पुढच्या खोकल्यांना किंमत राहणार नाही."

मी दोघांचंही ऐकलं. कुणालाच काही सांगितलं नाही.

गाडी फाटकातून निघाली तेव्हा आम्ही सगळे खाली उभे होतो, जनाशेठ, लीलावहिनी, रशीदभाई, मिलिंद. काचा वर होत्या, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं. सर पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि एक बोट वर करून त्याला काहीतरी समजावत होते. ड्रायव्हर भारावून मान डोलवत होता. माई मागे होत्या. गाडी मुख्य रस्त्याला वळली, आणि मागच्या काचेतून मला माईंचा हात दिसला. तो ओठांकडे चालला होता.